तळव्यांनी ऐकलेलं

एकतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढली,
साखरीनाटे बंदरावर.
कॉम्प्रेसरचा घणघणाट एवढा, की
आम्ही एकमेकांशी बोटांनीच बोलायचो:
जेवलास? लाद्या किती? होडी कुणाची?
निवृत्तीला मालकांनी शाल दिली, नारळ दिला,
भाषण केलं.
चांगलं झालं असावं. लोक टाळ्या वाजवत होते.

कान एका रात्रीत नाही गेले.
आधी टिटवी गेली,
मग कुकरची शिट्टी,
मग शेवंतीची मागल्या दारातली हाक
(तिला वाटायचं मुद्दाम करतोय,
आणि पहिली दोन वर्षं ते थोडं खरंही होतं),
मग समुद्र.
समुद्र गेला तेव्हा घाबरलो.
खिडकीतून दिसायचा, खडकांवर आपटायचा,
आणि आवाज नाही,
त्याच्यावरही कुणी लाकडाचा भुसा पसरून
वर गोणपाट टाकल्यासारखा.

डोक्यातला कॉम्प्रेसर तेवढा चालू राहिला.
रात्री तीनला, बिनविजेचा,
शेजारी झोपलेल्या बायकोलाही न ऐकू येणारा.
रक्तदाब एकशे सत्तर, खालचा शंभर.
राजापूरच्या डॉक्टरीणबाईंनी वहीत लिहून दाखवलं:
मीठ कमी. रोज चालणं. काळजी करू नका.
‘काळजी करू नका’ला खाली दोन रेघा.

गुरुवारच्या भजनाला शेवंतीनं ढकललं म्हणून गेलो.
बसलो. माणसं तोंड उघडत होती, मिटत होती,
टोपलीतल्या ताज्या बांगड्यांसारखी.
उठणारच होतो.
विनू पांचाळनं पखवाजाला कणीक लावली, बोटानं सारखी केली,
माझ्याकडे एकदा बघितलं
आणि काही न विचारता
पखवाज माझ्या गुडघ्याला टेकवून बसला.

पहिला ‘धा’ वाटीत शिरला. गुडघ्याच्या.
दुसरा मांडीतून वर चढला,
तिसऱ्यानं बरगड्या मोजल्या.
मग मला कळेना कुठला ठोका त्याचा नि कुठला माझा.
पोस्टमन राऊतांनी माझा हात धरून
पेटीच्या भात्यावर ठेवला:
आत श्वास चालला होता,
माझ्याहून सावकाश.
थोड्या वेळानं माझाही तसाच चालू लागला.
कुठला अभंग होता, अजून माहीत नाही.

त्या रात्री तीन वाजले असतील. मला भेटले नाहीत.

आता गुरुवार ठरलेला. जागाही ठरलेली.
घरी उताणा पडून
ट्रान्झिस्टर छातीवर ठेवतो, आवाज पूर्ण सोडून.
शेजारची मंडळी काय म्हणतात, सुदैवानं ऐकू येत नाही.
मी गुणगुणतो म्हणे.
शेवंती पदर तोंडाला लावून हसते,
म्हणजे सूर काय लागत असेल ते समजा.
पण हसते. मधली कितीक वर्षं
ती माझ्याशी फक्त मोठ्यानं बोलत होती.

रक्तदाब एकशे चाळीस.
बाई म्हणाल्या, मीठ सोडल्याचा गुण.
मी मान डोलावली.
सुकटीचं डबडं कुठे ठेवलंय
ते त्यांना कशाला सांगा.

परवा सहज कारखान्यात गेलो.
तोच कॉम्प्रेसर, नवा हिरवा रंग.
ज्यानं खाल्लं माझं सगळं, टिटवीपासून समुद्रापर्यंत,
त्याच्या अंगावर पहिल्यांदाच तळवा ठेवला.
रागानंच ठेवला. पण तळव्याला आता सवय लागलीय,
तो मोजतोच.
एक, दोन, तीन, आणि चौथ्याला अडखळ.
पुन्हा. चौथ्यालाच.

झडप गेलीय, मी नव्या पोराला बोटांनी सांगितलं.
त्याला ती भाषा येत नव्हती.
त्यानं कानातली गाण्याची बोंडं काढली,
“काय?” म्हणाला. ओठांवरून कळलं.
मी त्याचा हात धरून यंत्रावर ठेवला,
चौथ्या ठोक्याची वाट बघितली.
त्याच्या भुवया वर गेल्या.

मग खिशातून कापूस काढून दिला.
आधी हा घाल, म्हटलं,
बहुतेक फार मोठ्यानं म्हटलं,
कारण धक्क्यावरच्या बाया
टोपल्या टाकून बघायला लागल्या.